उदक सोडायचं राहून गेलं होतं – आमच्या सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सची साडेतीन वर्षं

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारलं की तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालं म्हणे, कसं केलंत, किती खर्च आला, किती चपला झिजल्या. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हणून बसले. पण लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की नुसतं कागदांचं लिहिलं तर अर्धंच होईल. काम संपल्यावर जे झालं ते मला कागदांपेक्षा जास्त जड गेलं, आणि सोसायटीचं, देवळाचं, मंडळाचं काम वर्षानुवर्षं गुपचूप करणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल असं वाटतं, म्हणून तेही लिहितेय.

आमची बिल्डिंग ठाण्यात, पाचपाखाडीत, तळमजला अधिक चार, 28 फ्लॅट, लिफ्ट नाही. ताबा 1997 ला मिळाला, सोसायटी रजिस्टर झाली 1998 ला. कायद्याने, म्हणजे 1963 च्या मोफा (फ्लॅट मालकीच्या) कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने ती तेवीस वर्षं करून दिली नव्हती. आपण घराचे हप्ते फेडतो, मेंटेनन्स भरतो आणि समजतो की सगळं आपलं आहे, पण मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या जमिनीचा सरकारी उतारा, काढली की त्यावर नाव दुसऱ्याचंच असतं. ठाण्यात आता जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंटचे बोर्ड लागलेत, आणि जमीन नावावर नसली की तिथे पहिली ठेच लागते.

26 सप्टेंबर 2021, रविवार. पार्किंगमध्ये मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून वार्षिक सभा झाली. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं. मी बँकेतून त्याच वर्षी रिटायर झालेले, हात रिकामे होते, म्हणून हो म्हटलं. त्याच सभेत डीम्ड कन्व्हेयन्सचा ठराव झाला आणि प्रत्येक फ्लॅटमागे 9000 रुपये काढायचे ठरले. (28 पैकी 22 जणांनी तीन महिन्यांत दिले, शेवटचे दोन 2023 मध्ये आले. हे आधीच धरून चाला.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बिल्डर स्वतःहून सही करत नसेल तर 2008 च्या दुरुस्तीनंतर सोसायटीला थेट जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि सगळं तपासून ते एकतर्फी हस्तांतराचा आदेश आणि प्रमाणपत्र देतात, यालाच डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. अर्ज नमुना 7 मध्ये, त्यावर 2000 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ऐकायला एवढंसं वाटतं, पण सोबत जोडायच्या कागदांची यादी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, सभासदांची यादी, प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा उतारा), कराराच्या प्रती, मंजूर नकाशा, ओसी म्हणजे भोगवटा दाखला (नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, आमच्याकडे सुदैवाने होती), मिळकत पत्रिका, सातबारा, जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, आर्किटेक्टचा दाखला, बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि पोच. अठ्ठावीस फ्लॅटपैकी अकरा विकले गेलेले, काही दोनदा. मूळ मालकांपैकी कोण पुण्याला, कोण अमेरिकेत, दोघं वारलेले.

आता हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. मला जुने करार शोधावे लागतील असं वकील म्हणाले होते, पण मीटर रूमच्या बाजूच्या खोलीतलं सोसायटीचं लोखंडी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात एक जाड फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. आत 28 च्या 28 करारांच्या झेरॉक्स, फ्लॅट नंबरनुसार लावलेल्या, प्रत्येकाच्या वर एक आखीव कागद आणि त्यावर निळ्या शाईत नाव, तारीख, स्टँपची रक्कम. मधेमधे वाळलेली कडुनिंबाची पानं. मला इतका आनंद झाला, की तिथेच उभ्या उभ्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, ताई तुमचे तीन-चार महिने वाचले. मी म्हटलं, नशीब. ती फाइल कुणी लावली हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये बिल्डरला रजिस्टर्ड एडीने नोटीस गेली. एक पाकीट "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आलं, ते फाडू नका, उघडूही नका, तसंच जपून ठेवा, तोच पुरावा. सर्च रिपोर्टला दीड महिना, आर्किटेक्टला त्याहून जास्त. जुने इंडेक्स टू काढायला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नऊ फेऱ्या झाल्या. मी एक करायला लागले ते सांगते, कुठेही कागद दिला की आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि एका साध्या वहीत रोजची नोंद, कुठे गेले, कुणाला भेटले, काय म्हणाले, रिक्षाला किती. पुढे कुणी म्हणालं की हे तुम्ही दिलंच नाही, तर वही उघडून दाखवता येते.

अर्ज दाखल झाला 11 ऑक्टोबर 2022 ला. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आम्हाला आठ लागले, कारण बिल्डरच्या बाजूने कधी कुणी यायचं नाही, कधी नवीन वकील यायचे आणि वेळ मागून घ्यायचे. वर्तमानपत्रात दोन नोटिसा द्याव्या लागल्या, एक मराठी एक इंग्रजी, 9,200 रुपये. एकूण सात तारखा. चेअरमन नोकरीत, ते दोन तारखांना आले. बाकी मी आणि वकील, किंवा वकिलांचा असिस्टंट आणि मी.

तारखेच्या दिवशी काय होतं, तर तुम्ही अकराला जाऊन बसता आणि नंबर तीनला लागतो. बाकावर शेजारी कळव्याच्या, डोंबिवलीच्या, मीरा रोडच्या सोसायट्यांची माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, मांडीवर फाइल. सुरुवातीला मी चिडचिड करायचे. मग आईची सवय आठवली, ती रांगेत उभी राहिली की मनात हरिपाठ म्हणायची, रेशनची रांग असो की दवाखान्याची. मीही सुरू केलं. सगळे अभंग पाठ नव्हते, अडले की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या-चौथ्या तारखेपर्यंत पाठ झाले. शेजारच्या डोंबिवलीच्या आजोबांनी ओठ हलताना पाहिले आणि न विचारता एक ओळ सुधारून दिली. ते दिवस, आता मागे वळून बघते तर, माझे चांगले दिवस होते. कुणी बघत नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, हातात काम होतं आणि तोंडात नाम होतं. तेव्हा ते कळलं नाही एवढंच.

14 जून 2023 ला आदेश हातात आला. पेढे वाटले. आणि लोकांना वाटलं संपलं, पण आदेशानंतर निम्मं काम बाकी असतं हे कुणी सांगत नाही. हस्तांतराच्या दस्ताचा मसुदा मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायला, म्हणजे अॅडज्युडिकेशनला, द्यावा लागतो. फ्लॅट घेताना प्रत्येकाने पूर्ण स्टँप ड्युटी भरली असेल तर ती वळती होते आणि सोसायटीला नाममात्र रक्कम लागते. एखाद्याने कमी भरली असेल तर तिथे काटा अडतो. आमचा अडला. फ्लॅट 11 आणि फ्लॅट 23, दोन्ही 1997 चे करार, ड्युटी कमी.

हे आक्षेपाचं पत्र यायच्या आधीच मला माहीत होतं, कारण त्या जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलने लिहिलं होतं, "11, 23 – स्टँप तपासणे." मी ते वाचलं होतं, त्याप्रमाणे दोन्ही घरी आधीच बोलून ठेवलं होतं. पण पेन्सिल धरणारा हात कुणाचा, हे तेव्हाही मनात आलं नाही. वाईट वाटतं हे लिहिताना, पण खरं आहे.

दंडासकट आकडा बघून फ्लॅट 23 च्या वहिनी रडायला लागल्या होत्या. पण डिसेंबर 2023 मध्ये सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना आली. 2000 सालापर्यंतच्या दस्तांना पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं थकीत शुल्क आणि त्यावरचा दंड, दोन्ही माफ. आमचे दोन्ही त्यात बसले. अर्ज, मूळ करार, शपथपत्र, पुन्हा फेऱ्या. अशा योजना येत-जात असतात, तुमचं काम या टप्प्यावर अडलं असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर अधूनमधून बघत जा.

एप्रिल 2024 मध्ये अॅडज्युडिकेशन पूर्ण झालं, जूनमध्ये दस्त नोंदवला. त्यावर बिल्डरच्या जागी उपनिबंधकांनी नेमलेला अधिकारी सही करतो. मग नगर भूमापनकडे फेरफारचा अर्ज, 15 दिवसांची हरकतीची नोटीस, आणि 9 ऑक्टोबर 2024 ला सोसायटीचं नाव लागलेली मिळकत पत्रिका मिळाली. एकूण खर्च 2,38,000 च्या आसपास, त्यात वकिलांची फी सव्वा लाख, बाकी सर्च, आर्किटेक्ट, जाहिराती, नोंदणी, झेरॉक्स. नुसत्या झेरॉक्सचे अकरा हजार झाले. ती पत्रिका मी घरी आणून देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. हे म्हणाले, आता तरी दुपारी झोप.

इथपर्यंत कागदांचं. आता दुसरं.

26 जानेवारी 2025, रविवार. झेंडावंदन, मग सत्यनारायण, मग सत्कार असं ठरलं. पंधरा दिवस आधी चेअरमननी सांगितलं होतं, मॅडम तुम्ही दोन शब्द बोला. मी फुलस्केपवर लिहून काढलं, दोन्ही बाजू. किती तारखा, किती फेऱ्या, कुठे काय अडलं आणि कसं सोडवलं. तीनदा आरशासमोर वाचलं. निळी पैठणी काढली, मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

सत्कार सुरू झाला तसं एका कमिटी मेंबरने माझ्या हातात ताट दिलं. पाच शाली, पाच नारळ, पाच पुष्पगुच्छ. म्हणाले, मॅडम जरा धरता का, तुम्ही पुढेच आहात. मी धरलं. एक शाल चेअरमनना. एक वकिलांना. एक आलेल्या पाहुण्यांना, ते आमच्या भागातले कार्यकर्ते. एक मंडप आणि साउंडचा खर्च देणाऱ्या सभासदांना. मी मोजत होते, एक उरली होती. ती पाचवी गेली चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाला, त्याने सगळ्या कागदांचं स्कॅनिंग करून दिलं होतं, चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल काही नाही. ताटात तांदूळ आणि कुंकू उरलं. माइकवर वेळ संपत आल्याचं सांगितलं, प्रसाद घ्या म्हणाले, आणि महिला वर्गाने नाश्त्याची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल आभार मानले. दोन शब्दांचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. फुलस्केप माझ्या पर्समध्ये घडी घालून तसाच.

मला माहीत आहे मुद्दाम कुणी केलं नाही. पण ताट खाली ठेवताना हात थरथरत होता. प्रसादाचा शिरा घशाखाली उतरला नाही. घरी येऊन पैठणी सोडली आणि बाथरूमचा नळ चालू करून रडले, ह्यांना आवाज जाऊ नये म्हणून. रात्री मोबाइलवर ग्रुपमधले फोटो बघितले, एका फोटोत माझा अर्धा हात आणि ताट आलंय.

पुढचे दहा-बारा दिवस मी फार वाईट वागले. ग्रुपवर कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही. टाकी साफ करणाऱ्यांचा फोन आला तर म्हटलं चेअरमनना विचारा. संध्याकाळी दिवा लावायचे पण हरिपाठ बंद. म्हणायला बसलं की मनात त्या पाच शाली यायच्या. ह्यांनी एकदा समजावलं, तू काय शालीसाठी केलंस का. मी म्हटलं नाही, आणि म्हणताना कळलं की पूर्ण खरं बोलत नाहीये. साडेतीन वर्षं मला वाटत होतं मी नुसतं करतेय, अपेक्षा काही नाही. अपेक्षा होती, खूप होती, ती आत बसून दिवस मोजत होती.

राजीनामा लिहिला. नुसता राजीनामा देऊन चालत नाही, दप्तर हस्तांतर करावं लागतं, वस्तू-कागदांची यादी करून द्यावी लागते. म्हणून 8 फेब्रुवारीला, माघी एकादशी होती, उपास होता, कपाट उघडून यादी करायला बसले. एकेक फाइल काढली. सगळ्यात खाली ती करारांची फाइल, तिच्याखाली एक लांब रजिस्टर, ते मी कधी उघडलंच नव्हतं. 1998 ते 2009 च्या किरकोळ खर्चाचं. तीच निळी शाई. "झेरॉक्स 28 प्रती – स्वतः." "रिक्षा, स्टेशन ते निबंधक कार्यालय – स्वतः." "टपाल – स्वतः." पानंच्या पानं. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ, म्हणजे सोसायटीकडून घेतलेले नाहीत. अकरा वर्षं.

ते अक्षर काकांचं. काका आमचे पहिले सेक्रेटरी. तळमजल्यावर राहायचे, 2011 ला गेले. बारीकसे, पांढरा शर्ट, सायकलवर पिशवी. काकू अजून तिथेच असतात, जिन्याखालून जाताना रोज दिसतात.

मी रजिस्टर मिटलं आणि पर्समधला तो फुलस्केप काढला, अजून तिथेच होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात वकिलांचं नाव होतं, आर्किटेक्टचं होतं, माझं तर प्रत्येक ओळीत होतं. काकांचं नव्हतं. मला ते भाषण करायला मिळालं असतं, तरी त्या माणसाचं नाव त्या दिवशी कुणीही घेतलं नसतं. बारा दिवस मी ज्या गोष्टीसाठी रडत होते, तीच गोष्ट मी साडेतीन वर्षं त्यांच्या बाबतीत करत आले होते, रोज त्यांच्या फाइलवर हात ठेवून.

तशीच उठले आणि काकूंकडे गेले. रजिस्टर घेऊन. म्हटलं, काकू माझं चुकलं. त्यांना आधी कळेचना. रजिस्टर बघितलं, अक्षरावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बस गं. उपास आहे ना, भगर खाशील?"

भगर-आमटी खाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आयुष्यभर पुरतील. एक 26 जुलै 2005 ची. पाणी कंपाउंडमध्ये शिरलं, बघता बघता घरात आलं. काकू गादी उचला म्हणून ओरडतायत आणि काका सोसायटीच्या कपाटातल्या फाइली डोक्यावर घेऊन जिना चढतायत. तीन खेपा. तिसऱ्या मजल्यावर ठेवून खाली येईपर्यंत यांचा टीव्ही, गाद्या, लग्नाचा अल्बम, सगळं पाण्यात. "मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी," काकू म्हणाल्या. "अल्बम गेला ना."

दुसरी गोष्ट, मी विचारलं, काका कधी बोलून दाखवायचे का, की एवढं करतो आणि कुणी विचारत नाही. काकू म्हणाल्या, सुरुवातीला फार चिडायचे. मग त्यांनी एक सवय लावून घेतली. मीटिंग झाली, हिशेब लिहून झाला, की हात-पाय धुऊन देव्हाऱ्यापुढे बसायचे, पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडायचे आणि कृष्णार्पणमस्तु म्हणायचे. पूजा नसायची काही. नुसतं पाणी. "मी म्हणायचे हे काय नवीन. तर म्हणाले, उदक सोडलं की ते आपलं राहत नाही. आपलं राहिलं की मग कुणी उचललं, कुणी पाडलं, बघत बसावं लागतं."

सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतात तेव्हा आपण सगळेच उदक सोडतो, मीही त्या दिवशी सोडलं होतं, पूजेला पुढे बसले होते. पाणी गेलं, काम हातातच धरून ठेवलं.

18 फेब्रुवारीला आम्ही दोघी पंढरपूरला गेलो. काकूंचं वय 79, काका गेल्यावर त्या गेल्याच नव्हत्या. खोपटहून रात्रीची एसटी. मला अर्धं तिकीट, काकूंना पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणून फुकट, फक्त आधार कार्ड मूळ बरोबर ठेवलं होतं. माघीची गर्दी ओसरली होती. चंद्रभागेवर तोंड-हात धुतले आणि महाद्वाराशी आलो. नामदेव पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, वाकून डोकं टेकतात आणि ओलांडून जातात. नामदेवांनी देवाजवळची जागा मागितली नाही, आत जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून पायरी मागितली, हे लहानपणापासून ऐकलंय. पण काकूंना वाकताना आधार देत मीही खाली गेले, कपाळ त्या गार पितळेला लागलं, आणि मागून येणाऱ्यांच्या पायांचे आवाज कानाशी ऐकू आले, तेव्हा ते अंगाला कळलं. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बाथरूममधलं नव्हतं ते.

समोरच चोखोबांची समाधी. तिथे उभं राहून एक मनात आलं, तेही लिहिते, नाहीतर गैरसमज होईल. चोखोबांना आत जाऊ दिलं गेलं नाही, आणि हे देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा नम्र राहा, मान मागू नका, असं आपण दुसऱ्या कुणाला सांगायला जाऊ नये. ज्याला बाहेर ठेवलंय त्याला आत घेणं हे आपलं काम. पायरी व्हायचं असेल तर स्वतः व्हावं.

म्हणून परत आल्यावर राजीनामा फाडला आणि मार्चच्या कमिटी मीटिंगमध्ये एक विषय मांडला. कन्व्हेयन्सच्या कामात काकांनी जपलेल्या दप्तराचा उपयोग झाला याची इतिवृत्तात नोंद व्हावी, त्यांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचाही उल्लेख व्हावा, आणि नोटिसा लावायला, टपाल घ्यायला, मी बाहेर असताना कागदावर सही घेऊन ठेवायला जो आमचा वॉचमन रात्रंदिवस धावला त्याला बक्षीस द्यावं. लगेच मंजूर झालं. 5000 रुपये वॉचमनला, आणि ठरावाची एक प्रत काकूंना, शिक्का मारून. चेअरमन म्हणाले, मॅडम तुमचं पण नाव घालायला हवं, राहूनच गेलं त्या दिवशी. मी पटकन काही बोलले नाही. खरं सांगते, त्या क्षणीही आत काहीतरी हललं. मग म्हटलं, सर, आधी पाण्याच्या टाकीचा विषय घेऊ, बाहेर माणसं येऊन थांबलीत. तो विषय तिथेच राहिला.

काकूंनी ठरावाचा कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. वाचून दाखवायला सांगितला, दोनदा.

आता संध्याकाळी हरिपाठ पुन्हा सुरू आहे. त्याआधी त्या दिवशी सोसायटीचं जे काही केलं असेल, एखादं पत्र, एखादी पावती, त्याचं पळीभर पाणी ताम्हनात. रोज जमतं असं नाही. कधी कधी पाणी सोडून झाल्यावर अर्ध्या तासाने मन पुन्हा तिथेच जाऊन उभं राहतं, मग पुन्हा सोडायचं.

दप्तराचं एक राहिलं सांगायचं. मूळ दस्त, आदेश, मिळकत पत्रिका यांचे तीन संच करा, एक सोसायटीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक स्कॅन करून. आमचा सोसायटीतला संच आता तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. काकांची फाइल आणि रजिस्टर त्यातच. प्लास्टिक नवीन घातलं, काकूंनी कडुनिंबाची पानं सावलीत वाळवून दिली, ती मधेमधे ठेवली. पेटीच्या झाकणाला आतून मी कागद चिकटवलाय, फ्लॅट नंबर, फाइल नंबर, आणि खाली पेन्सिलने, पुढे जो कुणी सेक्रेटरी होईल त्याच्यासाठी, "पावसाळ्याआधी पानं बदलणे."